जग बुडायचं राहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण

सगळ्यात आधी कोण आलं असेल? आमच्या विहीणबाई! माझ्या लेकीच्या सासूबाई, शकुताई. एरवी पंगत उठताना पोचणारी बाई. पण फिरायला न्यायचं म्हटल्यावर हाउन्सलोहून फेल्टमला ट्रेन बदलून ब्रॅकनेलला आमच्या दारात हजर! माझ्या पुऱ्या अजून कढईतच.

"अहो विहीणबाई, त्या गावातल्या जुन्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जेवण आहे असं वेबसाइटवर लिहिलंय ना? मग हे डबे कशाला? लोक हसतील."

"हसू देत. पोट भरलं की हसतातच माणसं."

सून मधुराने गाडी काढली. एम-फोर हायवे सोडून विल्टशरमध्ये शिरलात की रस्ते असे अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच मागे जायचं. गावात पार्किंग फुकट, हॉलमागे स्वच्छ टॉयलेट, दुकान मात्र एकही नाही. पाणी जवळ ठेवा. शकुताईंनी वाटभर डब्यांवरून मला टोचलं. मी आपली मेंढ्या बघत बसले.

चॅपल सांभाळणाऱ्या जूनबाईंनी गोष्ट सांगितली, मधुराने ती मला मराठीत सांगितली. फार वर्षांपूर्वी इथला एक चांभार म्हणाला, जग बुडणार, दिवससुद्धा ठरलाय! तीसेक माणसं घेऊन तो अमेरिकेत गेला. रानात घरं बांधली. त्या वर्षी पेरलं नाही, गाई देऊन टाकल्या, धान्य वाटलं, आणि सगळे टेकडीवर जाऊन बसले. सकाळ झाली. ऊन पडलं. झालं काहीच नाही! घरात दाणा नाही, आणि शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवणार? तर शेजारीच भांडी घेऊन आले, आणि एकानेही विचारलं नाही, काय झालं म्हणून. हिवाळ्यात तो पंथ मोडला. पण त्यांचे वंशज दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, त्या दिवसाच्या आठवणीत, एकत्र जेवतात. स्वतः रांधायचं नाही. परक्यांनी आणलेलंच खायचं, आणि वाढणाऱ्याने काही विचारायचं नाही.

यंदा जेवण इथे होतं. अमेरिकेहून त्या वंशातल्या रूथबाई आणि त्यांचे भाऊ आले होते, दोघंही ऐंशीच्या पुढचे. टेबलावर पांढरी चादर, रिकाम्या ताटल्या. जून खिडकीशी उभी. रांधणाऱ्या दोघी शेजारणींपैकी एक हॉस्पिटलमध्ये, दुसरी मुलाकडे. जून स्वतः त्याच वंशातली, तिच्या हातचं चालणार नाही.

"कुणी नाही आलं तर?" मधुराने विचारलं.

"तर न जेवता उठायचं. आजवर असं कधी झालं नाही," जून म्हणाली. रूथबाई हातरुमालाची घडी घालत होत्या, पुन्हा मोडत होत्या.

मी शकुताईंकडे बघितलं. शकुताईंनी माझ्याकडे. आणि काय सांगू, त्याच धावल्या गाडीकडे!

तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, कैरीचं लोणचं, बेसनाचे लाडू. चादर दिसेनाशी झाली. मला तर रूथबाईंना शंभर गोष्टी विचारायच्या होत्या: मुलं किती, सून कशी, गुडघे दुखतात का? तोंड उघडलं तोच शकुताईंनी कोपर मारलं. "गप्प! विचारायचं नाही!" चौथीत बाईंनाही जमलं नव्हतं मला गप्प बसवणं. लोणच्याने भावाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा वाटी पुढे! रूथबाई पुरी हातात धरून आधी रडल्या, मग हसल्या.

"आमचे डबे," शकुताई जूनला सांगत होत्या. आमचे! मी ऐकलं बरं का!

घरी येऊन भांडी घासली तर लाडवांचा स्टीलचा डबा कमी. तो मीच भरून रूथबाईंच्या मांडीवर ठेवला होता. आता विमानात असेल. पुऱ्या कुठेही तळता येतात हो, पण रिकाम्या ताटल्यांपुढे बसलेल्यांच्या समोर त्या ठेवायला मिळणं, ते मनात राहिलं. निघताना माझा हात धरून रूथबाई म्हणाल्या, डबा परत द्यायला नक्की येईन, आणि रिकामा आणणार नाही. कॅलेंडरवर गोल केलाय: पुढच्या सप्टेंबरचा दुसरा रविवार.