इंजिन चालू हाय

करंजा गावच्या भगवाननानांनी जन्मभर मासेमारीची होडी चालवली. आता दिवसाआड पनवेलला डायलिसिसला येतात. त्यासाठी डॉक्टरांनी त्यांच्या मनगटातल्या दोन रक्तवाहिन्या जोडल्यात. तिथं रक्त सारखं घरघरतं, आणि ती घरघर थांबली नाही ना, हे पेशंटनं रोज बघायचं असतं.

“काका, ही काळजी स्वतः घ्याल, असा विश्वास दहापैकी किती?” पेशंटच्या पाहणीसाठी प्रश्नावली घेऊन आलेल्या इराने विचारलं.

नानांनी मनगट थेट तिच्या कानाला लावलं. “ऐक! इंजिन चालू हाय. बारा लिव!”

झालं! बाकावरचे सगळे पेशंट आपापली मनगटं एकमेकांच्या कानाला लावून खिदळू लागले.

“आता तुजा हात दे.” नानांनी इराचं मनगट कानाशी धरलं आणि डोळेच विस्फारले.

“अगो बाय, तुजं तं बंदच हाय! तू चालतेस कशी गो?”