सात दिवसांच्या बदल्यात दोन रात्री, त्याही बिनखिडकीच्या

सुट्टीवाल्या कंपनीकडून आमच्या घरी आजपर्यंत आलेलं सामान असं: एक जाड पुठ्ठ्याची फाइल, किंमत तीन लाख चाळीस हजार. एक कुकर, फुकट म्हणून दिलेला. त्याची शिट्टी दुसऱ्याच महिन्यात गेली, नवी बसवली पासष्ट रुपयांना. दरवर्षी देखभालीचं एक बिल, सुरुवातीला बारा हजार, यंदा अठरा हजार चारशे. आणि शेवटी जहाजाची दोन तिकिटं. तीही फुकट म्हणूनच आली. बंदराची फी, कर आणि बक्षिशी मिळून सतरा हजार सहाशे भरले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, कंपनीच्या हॉटेलात राहायचं. तो आठवडा जहाजाच्या सफरीवर बदलूनही मिळतो. या एका वाक्यावर आमच्या यांनी सही केली. हे रेल्वेत गार्ड होते, आमच्या पूर्णा जंक्शनलाच निवृत्त झाले. नांदेडला एका हॉटेलात चहा-बिस्किटाला बोलावलं होतं, तिथून फंडाचे पैसे भरूनच आले. मी पंधरा दिवस धड बोलले नाही. मग एकदा हेच म्हणाले, "चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात उभा ऱ्हायलो. गाडी जिथून गेली तेवढंच बघितलं. एकदा जहाजाच्या तोंडाशी उभं ऱ्हाऊन समोरून काय येतंय ते बघायचंय."

मी फाइल उचलून कपाटात नीट ठेवली.

आता चूक कुठे झाली ते लिहिते. आमची फाइल स्वस्तातली, म्हणून आठवडे मिळतात ते पावसाळ्यातले आणि भादव्यातले. पावसाळ्यात जहाज बंद. हंगामाचं पहिलं जहाज निघतं ते भादवा सरताना, आणि तेव्हा दरही कमी. म्हणजे स्वस्त आठवडा आणि स्वस्त जहाज यांची गाठ पडते नेमकी पितृपक्षात. कंपनीचा फोन आला की मी कॅलेंडर बघायची आणि नाही म्हणायची.

"अण्णांची तिथी अष्टमीची," हे म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. "बाकीच्या दिवसांत काय बिघडायलंय?"

"बाकीच्यांचे पितर फिरायलेत की त्या पंधरवड्यात."

"मग जहाजावर ओळखीचं कुणी तरी भेटल."

हसून सोडून द्यायचे. न वापरलेला आठवडा एक वर्ष पुढे जातो, मग बुडतो. आमचे दोन बुडाले.

चौथ्या वर्षी हे डाव्या अंगानं दाराच्या चौकटीला धडकायला लागले. "बघून चालत जावा की जरा," असं मी चिडून म्हणायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याचं गेल्यातच जमा, उजव्यात नळीतून दिसावं तेवढं उरलंय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधावर किती टिकेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी घरी येऊन मीच कंपनीला फोन लावला. कुणाचं तरी रद्द झालं म्हणून मार्गशीर्षातलं जहाज मिळालं. फोनवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या आठवड्यात आतली खोली बसते. खिडकीची हवी तर माणशी नऊ हजार जास्त." झोपायलाच तर आहे, म्हणून मी आतली घेतली. अठरा हजार वाचवले.

पूर्ण्याहून मुंबईपर्यंत रेल्वेचा पास, खर्च शून्य. सोबत धपाटे, शेंगाची चटणी आणि दशम्या. दोन वेळचं भागलं. मुंबईत एका देवस्थानच्या भक्तनिवासात अंघोळीपुरती खोली चारशेला मिळते, स्वच्छ असते. तिथून बंदरापर्यंत टॅक्सी तीनशे वीस. बंदरात सामान तपासतात, घरचं खाणं वर नेऊ देत नाहीत, म्हणून उरलेल्या दशम्या तिथेच बाकावर बसून संपवा. दुपारी दोनला आत घेतलं.

जहाज म्हणजे पाण्यावरचं दहा मजली हॉटेल. कुठे जातं? कुठेच नाही. मुंबईहून निघून, समुद्रात फिरून, तिसऱ्या सकाळी परत मुंबईलाच. आमची खोली चौथ्या मजल्यावर. दार लावलं की दिवस का रात्र कळेना. ज्या भिंतीला खिडकी असायची तिथे पडदा लावलेला. यांनी तो हातानं बाजूला केला. मागे भिंतच.

"चांगलंय की," हे म्हणाले. "डोळ्याला उजेडाचा तरास न्हाई."

मी पडदा परत ओढून घेतला.

दुसरा दिवस एकादशी. सगळं जेवण पैशात धरलेलं, आणि मी केळी-दुधावर. सकाळी लवकर आम्ही वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या कठड्याशी गेलो. वारा लय. यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि कामावर असल्यासारखे ताठ उभे राहिले.

"डाव्या अंगाला काय हाय?"

"पाणी."

"अन् उजवीकडं?"

"पाणीच."

"मग मला दिसायलंय त्याच्याहून जास्त काय न्हाईच की!" आणि हसले.

तेवढ्यात डावीकडून एक मासेमारीची होडी आली. लाल झेंडा, वर पक्ष्यांचा थवा. मी यांच्या खांद्याला धरून वळवलं, पण आमचं जहाज जोरात. ती मागे गेली.

"काय होतं?"

"काही नाही. पाणीच."

एकादशीला मी खोटं बोलले.

शेजारी लातूरच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी कुठली फाइल वगैरे घेतली नव्हती. "रोख बुक केलं वहिनी, खिडकीची खोली, दोघांचे अडतीस हजार. आन् तुमचे?" मी मनात मांडलं. फाइलचा वर्षाचा वाटा तेरा हजार सहाशे, देखभाल, वरचा भरणा. एकूण एकोणपन्नास हजार सहाशे. "तेवढेच," म्हणाले. दुसरं खोटं.

तर माझं सांगणं एवढंच. फाइल गळ्यात पडलीच असेल तर आठवडा हॉटेलातच पूर्ण सात दिवस राहून वसूल करा, म्हणजे रात्र साडेचार हजारांच्या आसपास पडते. तो जहाजावर बदलू नका. जहाज आवडत असेल तर रोखीनं, हंगामाच्या सुरुवातीला घ्या. आणि खिडकी घ्या. पंचवीस वर्षांची सही करणाऱ्यांनी घरातल्या माणसाच्या तब्येतीचाही हिशेब धरावा, तो फाइलमध्ये कुठेच छापलेला नसतो.

घरी येऊन महिना झाला. हे संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्यांना जहाज सांगतात. डावीकडचं, उजवीकडचं, सगळं सांगतात. होडी तेवढी नसते.

वाचवलेले अठरा हजार देवापाशी डब्यात वेगळे ठेवलेत. यांना आता उजव्या डोळ्यानंच दिसतं. म्हणून जे जहाजानं जाऊन आलेत त्यांना विचारते: कोणत्या जहाजावर, कोणत्या बाजूची खोली घेतली की किनारा, दिवे, होड्या उजव्या हाताला राहतात? फोनवरच्या शब्दावर माझा आता भरवसा नाही, लिहूनच कळवा. पितृपक्षातलं जहाज असलं तरी चालेल. अष्टमीला निघणारं असलं तरी चालेल, अण्णांची खीर मी आल्यावर करीन. पण उशीर करू नका, कृपा करून उलट टपाली कळवा.