डिंकाचे लाडू आणि रोजची सुई

आमची सूनबाई लग्न होऊन परंदवडीत आली ती हातापायांनी वाळलेलीच. नुसती बारीक नव्हे हो. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. खायची मात्र दोघांचं, आणि तासाभरात पुन्हा डबे उघडून बघायची. अशी चार-साडेचार वर्षं गेली, आणि माझी थोरली जाऊ भर हळदीकुंकवात म्हणाली, "काय गं, सुनंला भाकर मोजून देतीस व्हय?" बायका खिदळल्या.

मला ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू वळले, चांगले तूप निथळणारे. सकाळ-संध्याकाळ समोर बसवून खाऊ घातले. पंधरा दिवसांत पोर पोट धरून गडाबडा लोळायला लागली.

पुण्याच्या दवाखान्यात तिचं रक्त काढलं, तर नळीत वर दुधासारखी साय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा दुर्मिळ आजार आहे. हिच्या अंगात चरबी साठवायला जागाच नाही. खाल्लेलं तूप रक्तात आणि लिव्हरमध्ये जातं. त्यानंच स्वादुपिंड सुजलंय. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल."

माझं नाव राखायला मी पोरीचा जीव घेत होते.

ती बरी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाची चाचणी चालू आहे म्हणून सांगितलं. पोट भरल्याचा निरोप देणारा रस चरबीतून तयार होतो, तो हिच्या अंगात नाही; तोच भरलेली एक सुई रोज पोटावर टोचायची. गुण येईलच असं नाही, त्रासही होऊ शकतो, वाटेल तेव्हा सोडता येईल. सगळं मराठीत वाचून दाखवलं. मी सुनेकडे बघितलं, तर ती म्हणाली, "आत्या, तुमच्या लाडवांपरीस सुई बरी." आणि सही करून मोकळी!

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ? जाऊबाई दारातूनच ओरडल्या, "आता सुनंचा उंदीर करतीस का?"

"अक्का, उंदराला कुणी इचारत न्हाई," मी म्हणाले. "हिला तीनदा इचारलंय, अन् सही हिची हाय."

चार महिने झाले. सुया फ्रीजमध्ये असतात, टोचते तीच. महिन्याला बेगडेवाडी स्टेशनावरून गाडी धरून पुण्याला तपासणीचं रक्त द्यायला जातो. रक्तातल्या चरबीचे आकडे उतरताहेत, पण बाई म्हणतात, एवढ्यात नाचू नका. नाही नाचत.

परवा वडगावला लग्नाला गेलो होतो. पंगतीत जाऊबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या. सुनेनं पानावर हात आडवा धरला. "नगं. पोट भरलं माजं."

पाच वर्षांत तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझा घास हातातच राहिला.

"सासूनं पढवलंय," जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि भांडं तिच्या हातावरूनच वाकडं करायला लागल्या. मी उठले, त्यांचा हात धरून भांडं सरळ केलं.

"व्हय, म्या पढवलंय. पुढच्या पानावर वाढा, अक्का."

सगळी पंगत बघत होती. बघू दे. त्या पुढे सरकेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.