देवघरातलं वाहन

आमच्या देवघरात एक पितळी प्राणी आहे. तोंड सिंहाचं, पिसारा मोराचा. कुठल्यातरी देवाचं वाहन असणार, म्हणून आई त्याला रोज हळदकुंकू वाहते. देव कोणता, ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी मी त्याला तांबटाकडे नेलं. म्हाताऱ्याने तो उलटा केला, तळाच्या खरखरीत रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वज्री आहे ही. टाचा घासायची."

परीक्षेला जाताना मी याच्या पाया पडायचो! माझ्या मार्कांचा उलगडा आत्ता झाला.

आईला भीतभीतच सांगितलं. तिने त्याला पदराने पुसलं आणि परत देवांत ठेवलं.

"जन्मभर लोकांच्या टाचा घासल्या बिचाऱ्यानं," ती म्हणाली, "आता बसू दे की जरा देवापाशी."