सीटखालचा खटका

गुलाबाचा मळा मोडून आम्ही तिथं लग्नाचं लॉन केलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो. गवताला काय, पाणी द्यायचं नि बघत बसायचं. गवत वाढतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकला गंगापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मळ्यांची लॉन्स होत होती, त्यातलंच एक आमचं. एवढ्या गवताला ढकलायचं यंत्र पुरेना, म्हणून वडिलांनी देवळालीच्या एका जुन्या बंगल्यातून गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर भंगारात उचलून आणला. परदेशी, वयानं माझ्याहून मोठा, चाकं गुडघ्याएवढी, पोटाखाली फिरणारी पाती. तो मी टेम्पोत घालून लासलगावला नेला. तिथं कांद्याच्या ट्रॅक्टरांत हयात गेलेल्या मेस्त्रीनं त्याला एक फेरी मारली आणि विचारलं, "हे तर पिल्लू हाय. याची आई कुठंय?"

मी सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन. मलाच राग आला. कार्बोरेटर घरीच खोलून साफ केला, पट्टा पिठाच्या गिरणीच्या सामानात मापाचा मिळाला, आणि महिनाभरानं पिल्लू धूर सोडत चालायला लागलं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांना त्या ट्रॅक्टरची एकच गोष्ट मनापासून आवडली होती. सीटखाली एक खटका होता. बसलेला माणूस उठला की इंजिन आपोआप बंद. आल्यागेल्याला ते हे करून दाखवायचे. बसायचे, सुरू करायचे, उठायचे आणि इंजिन गप्प झालं की म्हणायचे, "बैलालाबी एवढी अक्कल नव्हती." पात्यांशी गवत अडकलं तरी तेच. उठायचं, इंजिन थांबलं की आत हात घालून बोळा ओढून काढायचा. हात घालण्याआधी बॉनेटवर तळवा टेकवून तो छातीला लावायचे. बैल जुंपतानाची ती सवय. जित्याची खोड, म्हणून मी हसायचो. लोखंडाला कसला नमस्कार?

पण ते हात साधे नव्हते. गुलाबाला डोळे भरणारे हात होते. रानगुलाबाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा त्यात बसवायचा, वर पट्टी बांधायची. अण्णांनी भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. मळा गेला तरी घरामागं त्यांची कलमं चालूच होती. त्यांचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी लग्न होतं. आदल्या दिवशी मी पाणी बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे गवत ओलं, आणि वाढलेलं तर होतंच. मंडपवाला सकाळीच येऊन बसला होता, त्याला खुर्च्या मांडायच्या होत्या. आणि ट्रॅक्टर दर दहा पावलांवर बंद पडत होता. खटक्याची स्प्रिंग थकलेली, अण्णा वजनानं हलके. जरा खड्डा आला की ते सीटवरून उचलले जायचे आणि इंजिन बंद. मंडपवाला घड्याळाकडं बघायचा, मी मंडपवाल्याकडं.

अण्णा चहाला गेले तेवढ्यात मी सीट उचलली, खटक्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. डायरेक्ट, म्हणजे माणूस उठला तरी इंजिन चालूच. कारखान्यात आम्ही हेच करायचो. खटका त्रास देतो ना, मग खटक्यालाच रजा.

अण्णा आले, बसले, आणि ट्रॅक्टर न थांबता या टोकापासून त्या टोकाला गेला. परत येताना ते मंडपवाल्याला ओरडून म्हणाले, "पोरानं केला नीट. वायरमन हाय." तो मान डोलावून माझ्याकडं बघून हसला. मी ब्र काढला नाही. कौतुक गोड लागत होतं, खरं सांगायला लाज कशाला. अण्णा काही मधे उतरणार नाहीत, काम झालं की सांगू, असं मी मनाशी म्हटलं. एका वाक्याचं काम होतं.

मग मंडपवाल्यानं जनरेटर सुरू केला आणि स्पीकरवर गाणं लावून बघितलं. मी लांबच्या टोकाला शिडीवर दिव्यांच्या माळा बांधत होतो. पाहिलं तर पात्यांत ओलं गवत अडकून ट्रॅक्टर लॉनच्या मध्यावर थांबला होता. अण्णा उठले.

जनरेटर त्यांच्या पाठीशीच धडधडत होता. पाण्याच्या डिझेल इंजिनाशेजारी आयुष्य काढून एक कान त्यांनी कधीच घालवलेला. इंजिन चालू आहे हे त्यांना ऐकू येणारच नव्हतं. आणि उठलं की बंद, हे तर त्यांनी अख्ख्या गावाला दाखवलेलं.

मी ओरडलो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही. शिडीवरून उतरलो की पडलो आठवत नाही, धावत सुटलो. अण्णा बाजूनं वाकले. उजवी बाही वर सारली. मी देवाला काहीबाही कबूल करत होतो आणि ते अंतर संपत नव्हतं.

अण्णांनी तळवा बॉनेटवर टेकवला.

तो तिथंच राहिला, खालचं लोखंड हादरत असणार. छातीकडं गेला नाही. त्यांनी मान वळवून सीटकडं पाहिलं, मग सावकाश हात पुढं नेऊन चावी फिरवली.

मी पोचलो तेव्हा ते उभेच होते. "मी उठलो तरी बंद का नाय झाला?"

"वायर लूज झाली असेल," मी म्हणालो. त्यावेळीसुद्धा खोटं बोललो. आजही त्या वाक्याची मला किळस येते.

त्यांनी सीट उचलली आणि बोटानं चाचपून बघितलं. "टेप नवी हाय," एवढंच म्हणाले. मंडपवाला बघत होता. ओरडले असते, चार लोकांत कानाखाली मारली असती, तर बरं वाटलं असतं. "नीट कर," म्हणाले.

मी टेप सोडवली, वायरी पुन्हा खटक्याला जोडल्या. एका वायरीला तीनदा पीळ द्यावा लागला. अण्णा बसले, इंजिन सुरू केलं, उठले. बंद झालं. मग ते बाजूला सरकले आणि पात्यांकडं बोट दाखवलं.

"आता तू काढ गवत."

तो खटका किती थकलाय, हे तिथं माझ्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो. हात आत जाईना. अण्णा थांबून राहिले. शेवटी मी तळवा बॉनेटवर टेकवला. लोखंड गप्प होतं. ते गप्प आहे याची खात्री पटल्यावरही मला तो बराच वेळ उचलवला नाही.