ज्वारीच्या डब्यातली काडतुसं

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ माझं चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागितलेली बरी.

जुळे सोलापुरात एका रिटायर मास्तरांच्या घरी मी स्वयंपाक करते. त्यांना काका म्हणते, बाईंना काकू. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. काकू फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करतात आणि मी भिंतीकडं सरकते. त्या फोनमध्ये आपण दिसू नये म्हणून मी भाकरीसुद्धा अंग चोरून थापते.

एका रविवारी मुलगा सांगत होता की त्यांच्या राज्यात पुढच्या महिन्यात मतदान आहे. बंदूक बाळगायचा हक्क राज्याच्या घटनेत आणखी पक्का करायचा, म्हणजे उद्या कुठलंही सरकार आलं तरी त्याला सहज हात लावता येणार नाही.

"राज्याची घटना?" काका म्हणाले. "घटना देशाची असते रे."

"इथं प्रत्येक राज्याची वेगळी असते, बाबा. हक्क आधीपासून आहेच. आता त्याला धक्का लावणारा कायदा कोर्टानं फार कडक तपासावा, असं लिहायचं चाललंय. त्यावर लोक मत देणार."

"आम्हाला चार दिवसांआड पाणी येतं. तेवढं एक घटनेत लिहून घ्या म्हणावं."

काकू हसल्या आणि माझ्याकडं बोट दाखवून मुलाला म्हणाल्या, "तिकडचं कशाला सांगतोस? आमच्या ताईंच्या घरी आहे की बंदूक."

"खरंच? मग निर्धास्त वाटत असेल ना, ताई?" मुलानं फोनमधून मला विचारलं.

मी पुढची भाकरी थापायला घेतली. तव्यावरची भाकरी करपली. असा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र माझ्याकडं कधीपासून तयार होतं.

माझे मालक, म्हणजे मुलीचे वडील, तेव्हा एका पेढीवर गार्ड होते. स्वतःचं लायसन आणि स्वतःची बंदूक असलेल्या गार्डला एजन्सी जास्त पगार देते. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी लायसन काढलं आणि जुनी बारा बोअरची बंदूक घ्यायची ठरवली. पैसे कमी पडत होते. मी काकूंकडं तीस हजार उसने मागितले आणि त्यांनी दिले. मागायला मला आठ दिवस लागले. रोज चपला घालताना बोलायचं ठरवायची आणि रोज तशीच जिना उतरायची. लायसनच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, घरमालकाला विचारलं. मी चहा दिला. मला काहीच विचारलं नाही.

माझे मालक वाईट नाहीत. दारू नाही, हात उगारणं नाही. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला माणूस, बोलणं कमी. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू वाहायचे आणि वर्षभर लोखंडी कपाटात कुलूप घालून ठेवायचे. कामावर जाताना खांद्याला. पण घरात बंदूक आल्यापासून त्यांचा आवाज बदलला. आधी भांडण दिसलं की दुसऱ्या गल्लीनं जाणारा माणूस आता थांबायला लागला.

त्या रविवारच्या पंधरा दिवस आधी नळाला पाणी आलं आणि पाळीवरून शेजारच्या भाऊजींशी त्यांची जुंपली. भाऊजींनी आमची घागर बाजूला सारली. मालक एकदम म्हणाले, "घरात काय हाय ते ठावं हाय न्हवं?"

नळावरच्या बाया मागं सरकल्या. भाऊजींनी घागर उचलून परत नळाखाली ठेवली. मालक हसत आत आले. मला मात्र पुढं जेवण गेलं नाही. रात्री कूस बदलत राहायची, दिवसा भांडी दोनदा घासायची, कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दारात धावायची. शेवटी ते अंघोळीला गेले असताना किल्ली घेतली. चार काडतुसं त्यांच्या पट्ट्यात असायची, कपाटातल्या खोक्यात आठ. ती आठ मी एका कापडी पिशवीत घालून ज्वारीच्या डब्यात खोल पुरली आणि रिकामं खोकं होतं तिथंच ठेवलं. माझ्या डब्यात कोण हात घालणार?

फोनच्या त्या रविवारी घरी आले तर कोपऱ्यात डबा नाही. मुलीला सुट्टी होती, आईचं एक काम कमी करावं म्हणून तिनं डबा उचलून गिरणीत नेऊन ठेवला होता.

चपला न घालता मी पळाले. गिरणी चालू होती. पट्ट्याचा आवाज, सगळीकडं पीठ, भिंतीला ओळीनं डबे. गिरणीवाले चाचा एक डबा उचलून वर ओतायच्या बेतात होते. तो आमचाच होता.

मी ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. चाचांनी डबा खाली ठेवला. पाचसहा बाया बघत होत्या आणि मी कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला.

"क्या गिरा, भाभी?"

"बांगडी," मी म्हणाले.

पिशवी हाताला लागली पण तिची गाठ सुटलेली. आत पाचच. दोन दाण्यांत सापडली, ती मुठीत लपवून पदरात टाकली. आठवं मिळेना. चाचांनी काही न बोलता गिरणी बंद केली, गोणपाट अंथरलं आणि डबा त्यावर पालथा केला. सगळ्यात शेवटी ते लाल काडतूस घरंगळत त्यांच्या पायाशी आलं. त्यांनी पटकन त्यावर पाय ठेवला. बायांकडं पाठ करून उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"बांगडी लई भारी हाय तुमारी," ते हळू म्हणाले. "घर में ऐसी बांगडी नको, भाभी."

संध्याकाळी मालक आले. मी आठही काडतुसं त्यांच्यासमोर ओळीत मांडली आणि सगळं सांगितलं. ते आधी पांढरे पडले, मग चिडले.

"अगं, येक जरी गेलं असतं तर मी काय हिशेब दिला असता? आन् गिरणीत फुटलं असतं तर?"

"म्हणूनच सांगते. मला हे घरात नको."

"लायसनची हाय. चोरीची न्हाय. माझ्या हक्काची हाय."

"लायसन तुमच्या एकट्याचं आहे. घर आपलं तिघांचं आहे. पोलिसांनी अख्ख्या गल्लीला विचारलं, मला कुणी विचारलं? तुम्ही तरी विचारलंत?"

"तू कदी बोलत न्हाईस."

"तुम्ही भाऊजींना जे बोललात, त्या दिवसापासून मी झोपले नाही. तुम्ही कुणाला माराल असं मला वाटत नाही. पण तुम्हाला तसं बोलावंसं वाटलं ना?"

त्यांनी काडतुसं एकेक करून पिशवीत भरायला घेतली. मुलगी दारात उभी होती. तिच्या हाताला अजून डब्याच्या कडीचा वळ होता. तो त्यांनी पाहिला. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, "पगार कमी व्हईल."

"होऊ दे."

बंदूक विकायची म्हणून पोलिसांकडं अर्ज, परवानगी, फेऱ्या यांत दोन-अडीच महिने गेले. तोवर त्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मग बंदूक परवाना असलेल्या दुकानदाराला विकली. घेतली त्याच्यापेक्षा बरीच कमी किंमत आली. ती सगळी मी काकूंना नेऊन दिली. चार वर्षांत थोडे फिटले होते, बाकीचे माझ्या पगारातून महिना हजार कापायचं ठरलं. मालक आता एका हॉस्पिटलच्या गेटवर काठी घेऊन उभे असतात. पगार खरंच कमी झाला. कधीकधी ते रिकामा खांदा चोळतात, तेव्हा मला वाईट वाटतं. भाऊजींशी अजून बोलणं नाही, पण घागरी पाळीनं लागतात.

मधे मुलाचा फोन आला होता. तिकडं मतदान होऊन बंदुकीच्या हक्काची ती घटनेतली दुरुस्ती मंजूर झाली.

"मग आता तू घेणार की काय?" काकूंनी घाबरून विचारलं.

"हक्क आहे, पण ही नको म्हणते," तो म्हणाला.

"म्हणजे घटनेच्या वर बायको," काका म्हणाले, आणि तिघंही हसले. मी भिंतीकडं तोंड करून होते. त्याच्या बायकोला निदान विचारलं तरी, एवढंच मनात आलं. हक्क लिहिणाऱ्यांनी एक ओळ घरातल्या बाईसाठीही लिहायला हवी होती, असं मला वाटतं. माझ्या वाटण्याला काय, मी आपली या वहीत लिहिते.

काल शेवटचे हजार कापले. काकू माझे खाडे आणि उचल स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात. त्यांनी पेन काढलं, 'बाकी'पुढं शून्य लिहिलं आणि विचारलं, "बरोबर ना, ताई?"

मी जवळ जाऊन वाचलं. "बरोबर," म्हणाले. सगळे फिटले.