मिटलेल्या डोळ्यांची अव्वा

माझी भावजय शिवगंगा जेवायला बसली की घरात बाकीच्यांना वाट उरत नाही. पाठ भिंतीला, एक पाय लांब पसरलेला, ताट मांडीशी, आणि तोंड समोरच्या भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोकडं. मेसची पोरं जेवून क्लासला गेली की ही बाई अशी ऐसपैस बसते. "आक्का, या की तुम्हीबी," म्हणते आणि ठेच्याला हात घालते. मधेच फोटोकडं बघून, "अव्वा, आज वांगं कडू निघालं बघा," असं सांगते. मला हसू यायचं.

तिनं आयुष्यात बसायला वेळ काढला तो एवढाच. आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. भूकंपात घर खाली बसलं. उकाड्यामुळं सगळी अंगणात झोपली होती, म्हणून वाचली. माझा भाऊ गुरुबसप्पा तिला आणि तान्ह्या चनवीरला घेऊन लातूरला आला, अडतीवर कामाला लागला. ही पोरांचे डबे करायला लागली. पुढं क्लासेसचं वारं असं सुटलं की बिलोली, उमरीकडची पोरंबी डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिली. डब्याची मेस झाली, मेसवर खोल्या चढल्या. भाऊ गेला, पण हिनं चूल विझू दिली नाही. चनवीर शिकून बेंगळूरला नोकरीला लागला.

ढिगाऱ्यातून भावानं ज्वारीच्या आधी काय काढलं असेल तर हा अव्वाचा फोटो. अव्वा म्हणजे आमची आई, गौरम्मा. भूकंपाआधीच गेली. जिवंत होती तोवर तिचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि बसलेलंच मातीला नेतात. तसं बसवल्यावर निलंग्याहून फोटोवाला आणून काढलेला हा फोटो. त्यात अव्वाचे डोळे मिटलेले. चनवीर तिच्या माघारी जन्मला, त्यामुळं त्यानं आज्जी बघितली ती अशीच.

दिवाळीला तो आला तेव्हा, "फोटोला वाळवी लागायली, नीट करून आणतो," म्हणून घेऊन गेला. आणि यंदा मी गुडघ्याच्या इलाजाला उदगीरहून आले तेव्हा त्यानं फोटोच्या जागी ही डिजिटल फ्रेम पाठवली. शाळेच्या पाटीएवढी. तो बेंगळूरहून मोबाईलवरून फोटो सोडतो आणि इथं भिंतीवर उमटतो. एक फोटो थोडा वेळ थांबतो, मग दुसरा. नातवंडं, त्यांचा केक, भाऊ नव्या धोतरात. शिवगंगा लई खूश. "टीव्हीचं पिल्लू हाय की हे!" म्हणाली आणि ताट घेऊन बसली.

तेवढ्यात अव्वा आली. डोळे उघडे!

"अगं बया! अव्वा बघायली!" मी ओरडलेच. चनवीरला फोन लावला तर तो हसायला लागला. "आत्या, मोबाईलवर होतंय हल्ली हे. झोपलेल्या आज्जीला जागं केलं." मी रडले. अव्वाचे डोळे खरंच असे होते का, ते शपथेवर सांगता येणार नाही. पण बघत होती, एवढं खरं.

शिवगंगा मात्र ताट ठेवून ताडकन उठली आणि डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. "अगं, फोटो हाय तो!" मी म्हणलं. केकचा फोटो आला, ती बसली. पुन्हा अव्वा आली, ही पुन्हा उभी. हसून हसून माझं पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. दारामागं, भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. अर्धी भाकरी खाऊन उठली. रोज तेच व्हायला लागलं. मी मात्र फ्रेमपुढून हलत नव्हते. नातवंडांचासुद्धा राग यायचा मला. कधी एकदाची सरकतात आणि अव्वा येते असं व्हायचं.

एक दिवस तिनं फोन स्पीकरवर टाकून लेकाला सांगितलेलं माझ्या कानावर पडलं. "अव्वाचा फोटो पहिल्यासारखा कर."

"आई, मेलेल्या माणसासारखा दिसायचा तो."

"मेल्याच हायत की त्या."

माझं डोकं फिरलं. तिनं फोन ठेवल्या ठेवल्या मी तोंड सोडलं. "माझी आई तुझ्या डोळ्यांत खुपायली व्हय गं? एवढी वर्षं तिच्याशी गोड बोललीस, ते नाटक होतं?"

तिचा आवाज चढला नाही. "आक्का, तुम्ही नांदायला गेलात. तुम्हाला काय माहीत? मला लवकर लेकरू झालं न्हाई. मी घास उचलला की अव्वा ताटाकडं बघायच्या, मग माझ्या तोंडाकडं. शब्द बोलायच्या न्हाईत. 'लेकरू न्हाई, खाती मात्र बघा', हे नुसत्या नजरेनं. घास घशात फुगायचा. दारामागं बसले तर तिथं येऊन बघायच्या. चनवीर पोटात राहिला तवाबी त्यांची सवय गेली न्हाई. त्यांची माती झाली त्या दिवशी शेजारणींनी भात वाढला आन् त्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले. नाटक न्हाई केलं मी. डोळे मिटलेल्या अव्वाशी माझं लई जमलं. सुखदुःख सगळं तिलाच सांगत आले. ही जागी झालेली मला नगं."

मी माहेरी आले की हीच अव्वा मला समोर बसवून, "खा गं माय, किती वाळलीस," म्हणत तुपाची धार सोडायची. आणि त्याच वेळी ही दारामागं. मला अव्वाचा राग आला. मेलेल्या आईचा राग आला म्हणून आणखी वाईट वाटलं.

फ्रेमवर अव्वा आली. मी तिच्याकडं बघत बघतच फोन लावला.

"चनवीर, आज्जीचे डोळे मिट."

"आत्या, तूच तर केवढी खूश झाली होतीस!"

"मिट म्हणते ना बाळा." माझी आई होती ती.

दुपारी पोरं जेवून गेली. फ्रेमवर केक आला, भाऊ आला, मग अव्वा आली. डोळे मिटलेले. शिवगंगा दारात उभी राहून बघत होती. मग ताट घेऊन बाहेर आली, भिंतीला टेकून बसली, हळूच एक पाय लांब केला.

"अव्वा, निजा आता," म्हणाली आणि भाकरी मोडली.

मी खिडकीकडं तोंड केलं आणि तिच्या ताटाकडं नजर जाऊ न देता रडून घेतलं.